फॉरमॅटला मी परस्पर नाही म्हणाले

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, त्याचे मला अजून वाईट वाटते आहे. डोळ्याच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला असताना मी संगणक दुरुस्त करायला बाबांना अडीच तास आदेश टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीसमोर बसवून ठेवले आणि वर "स्पेस द्या म्हटले ना" म्हणून खेकसले. फोनवर मला हे नीट बोलता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

आधी जे करून बसले आहे ते सांगते. आर्वीच्या दुकानातल्या मुलाला मी काल फोन करून संगणक फॉरमॅट करायचा नाही, असे कळवले. बाबा, तुम्ही त्याला शब्द दिला होता आणि मी तुम्हाला न विचारता तो मोडला. पण फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह, डिस्कचा विंडोज असलेला भाग, कोरी करणे, आणि आजीचे सगळे फोटो व तुमचा कापसाचा जमाखर्च डेस्कटॉपवर आहे, जो सी ड्राइव्हचाच भाग असतो. त्या मुलाने "डी ड्राइव्ह जशीच्या तशी राहील" असे सांगितले ते खरेच आहे, पण आपल्या डी ड्राइव्हमध्ये लग्नाच्या दोन व्हिडिओंपलीकडे काहीही नाही. शिवाय विंडोजच्या काही फायली बिघडल्या म्हणून सगळे घर पाडायचे, हे मला पटत नाही.

त्या फायली तुमच्या हातून बिघडल्या, असे मनात आणू नका. विंडोज अपडेट लिहीत असताना वीज गेली, तर फाईल अर्धवट लिहिली जाते आणि पुढच्या वेळी स्टार्ट मेनू उघडत नाही किंवा निळा पडदा येतो. आपल्याकडे वीज कशी जाते, हे तुम्हाला मी काय सांगायचे. (भिंतीवरच्या बटणाने थेट बंद केल्यानेही हेच होते. एवढे लिहून हा विषय सोडते.)

आपण जे चालवले त्याला सिस्टिम फाईल चेकर म्हणतात. 'एसएफसी', मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि 'स्कॅननाऊ' असा तो आदेश आहे. ती मोकळी जागा सुटली की संगणकाला तो ओळखताच येत नाही, आणि खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, उघडली नसेल तर तो चालायलाच नकार देतो. कपाशी डोबल्यावर जिथे उगवत नाही तिथे तुम्ही पाकिटात राखलेल्या बियांनी नांग्या भरता, तसेच हे काम आहे. विंडोज स्वतःच्या फायलींच्या चांगल्या प्रती एका फोल्डरमध्ये राखून ठेवते आणि हा चेकर एकेक फाईल तपासून बिघडलेल्या जागी त्यातली प्रत आणून लावतो. आपल्याकडे राखलेले बीच किडले होते, म्हणून पहिल्या वेळी 'काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत' असे उत्तर आले. अशा वेळी डिझम हा दुसरा आदेश इंटरनेटवरून ताजे बी आणतो. खरे तर विंडोज १० वर डिझम आधी आणि चेकर नंतर, असाच क्रम सांगितलेला आहे. तो मी उलटा केला, म्हणजे तुमचा निम्मा वेळ माझ्या घाईने खाल्ला.

डिझम ६२ टक्क्यांवर अडकला तेव्हा तुम्ही "बासष्टच आहे, अजून बासष्टच" असे सांगत होता, मागे कूलरची घरघर ऐकू येत होती आणि आई "चहा थंड झाला" म्हणून तिसऱ्यांदा ओरडली. आकडा तिथे बराच वेळ थांबतो, हे मला ठाऊक असूनही माझाच जीव वर-खाली होत होता. शेवटी चेकर पुन्हा चालवल्यावर तुम्ही 'सक्सेसफुली रिपेअर्ड', म्हणजे दुरुस्ती झाली, ही अक्षरे एकेक करून वाचलीत, तेव्हा मला रेडिओचे सेल उन्हात ठेवणारे बाबा आठवले. छपरीत तुम्ही रेडिओ उघडायचा आणि मी बॅटरी धरायची. माझा हात हलला की तुम्ही रागावत नव्हता, नुसते माझे मनगट धरून उजेड परत जागेवर आणत होता.

आता माझे ऐका. यूपीएस आणि फोटो ठेवायची बाहेरची डिस्क मी पाठवली आहे, पैशांचा विषय काढायचा नाही. यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटे मिळतील, ती रीतसर बंद करण्यापुरती आहेत. त्यावर कूलर लावायचा नाही, आई, तू लक्ष ठेव. कूलरची ओली हवा संगणकावर जाते, म्हणून टेबल दुसऱ्या भिंतीला हलवा, पण ते गड्याकडून हलवून घ्या, स्वतः उचलू नका. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, तेव्हा बँकेचे काम त्यावर करू नका. डोळ्यांत औषध घातल्यावर तासभर पडद्याकडे बघायचे नाही आणि रात्री तर मुळीच बसायचे नाही.

येत्या रविवारी डिस्क तपासायची राहिली आहे, कारण डिस्कच खराब असेल तर या फायली पुन्हा बिघडतील. संगणक पुन्हा सुरू होताना ती तपासणी लागेल आणि त्या आधीच्या काही सेकंदांत कोणतीही किल्ली दाबली तर ती टळते. आई, तेवढा वेळ तू बाबांचे दोन्ही हात धरून बस.

तुमची,
धाकटी