शेरूच्या गुडघ्यासाठी, डॉक्टर, मनापासून आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

शेरू आता चारही पाय नीट टेकवून चालतो. हे फोनवरही कळवता आलं असतं, पण तुमचं काम चार लोकांना कळावं म्हणून मुद्दाम जाहीर पत्र लिहितोय.

मागचा पाय उचलून लंगडणाऱ्या लॅब्रॅडॉरला आमच्याकडे आजवर एकच इलाज होता: दुखण्याच्या गोळ्या आणि "आता वय झालं त्याचं". तुम्ही त्याला कुशीवर झोपवलंत, एका हाताने मांडीचं हाड धरलंत, दुसऱ्याने नडगी हलकेच पुढे ढकललीत. ती कपाटाच्या खणासारखी पुढे सरकली. गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, तुटलाय हे मला समजावून सांगावं लागलंच नाही.

मग तुम्ही एक्स-रेवर पेन्सिलने रेघा मारल्यात. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागे उतरता असतो, साधारण पंचवीस अंश. वजन पडलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि लिगामेंट ते धरून ठेवतो. पूर्वी त्याच्या जागी सांध्याबाहेरून जाड नायलॉनचा धागा बांधत; लहान कुत्र्यांत आजही ते चालतं, पण ३४ किलोच्या शेरूसाठी तुम्हाला त्याचा भरवसा वाटेना. बार्कले स्लोकम या अमेरिकन पशुवैद्यकाने १९९३ साली मांडलेली टीपीएलओ, म्हणजे नडगीच्या माथ्याचा उतार कमी करणारी शस्त्रक्रिया, तुम्ही निवडलीत. त्यात नवा लिगामेंट बसवत नाहीत. गोलाकार करवतीने हाड कापून माथा फिरवायचा, उतार पाच अंशांच्या आसपास आणायचा आणि प्लेट-स्क्रूने पक्का करायचा. मग घसरणंच थांबतं. मला तर ही कल्पनाच थोर वाटते.

भूल देणारे डॉक्टर वेगळे, पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवणारी फिजिओ ताई वेगळी. गाई-म्हशींपासून मांजरापर्यंत सगळं एकाच डॉक्टरने बघायचं, अशा गावात मी वाढलो. त्या डॉक्टरांबद्दल आदर आहेच. पण फक्त हाडांचं काम करणारा हात काय करू शकतो, ते आता पाहिलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. शेजारच्या काकूंच्या मांजरीचाही हाच लिगामेंट तुटला होता. काकू दागिने मोडायच्या तयारीत होत्या. तुम्ही तिला तपासून सांगितलंत, "आत्ता ऑपरेशन नको. हिला पिंजऱ्यात आराम द्या, वजन उतरवा, मग पुन्हा बघू." मांजर आज ठणठणीत आहे. नवी यंत्रं हाताशी असताना "नको" म्हणणारा सर्जन आम्हाला मिळाला.

खर्चाचा आकडा तुम्ही आधीच कागदावर लिहून दिलात. दुसऱ्या पायाचा लिगामेंटही पुढे तुटू शकतो, हेही लपवलं नाहीत. म्हणून शेरूच्या वाटीतला भात कमी केलाय. तो रुसलाय, पण काटा खाली येतोय.

फिजिओ ताईंना आणि रात्री शेरूजवळ बसणाऱ्या वॉर्डातल्या दादांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या एक्स-रेला येताना दादांसाठी कंदी पेढे आणतो.

आपला ऋणी,
शेरूचा बाबा, सातारा