बावीस मिलिमीटरचा माणूस

कर्जत, रविवार संध्याकाळ

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलो. चिमीवर रागावू नकोस, तिने आपणहून काही सांगितलेलं नाही. तू व्हिडिओ कॉलवर सारखा डावा हात खाली ठेवत होतास ते मी पाहिलं आणि तिला खोदून विचारलं. मग कळलं, की मागच्या शनिवारी रात्री अकरा वाजता क्लबमधून भांडून निघालास, भर पावसात डोंबिवलीहून पुण्याला, तेही बाईकवर, आणि खोपोलीच्या वर वळणावर घसरलास. कोपर सोलवटलं, एवढंच. "एवढंच" हा चिमीचा शब्द. तुझी आई तो ऐकून दोन तास देवघरापुढून उठली नव्हती.

बाईकबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. हे झालं ते झालं.

भांडणाचं मात्र बोलायचंय. तुझ्या मॉडेल रेल्वेच्या क्लबातल्या कुणाला तरी लेआउटवर, म्हणजे तुम्ही टेबलावर उभारलेल्या बोरघाटाच्या छोट्या रेल्वेवर, खेकडा चालवायचा होता आणि तू नाही म्हणालास. बरोबर केलंस. तुम्ही लेआउटचं साल १९२० ठरवलंय. खेकडा, म्हणजे ते विजेचं इएफ-वन इंजिन, आलं १९२८ मध्ये. विजेच्या गाड्या पुण्यापर्यंत पोचायच्या आतच नवी लाइन झाली आणि गाडीचं तोंड उलटं करायचं घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. म्हणजे ज्या फलाटावर इंजिन या तोंडाचं त्या तोंडाला लावायचे, तिथे खेकडा कधी उभाच राहिला नाही. विजेचे खांब नाहीत, तारा नाहीत. तू अगदी शंभर टक्के बरोबर.

पण बरोबर असणाऱ्या माणसाने रात्री अकराला निघून जायची काय गरज होती? बरोबर असणाऱ्याला घाई नसते.

बघ, लिहायचं नाही म्हणून परत तिथेच आलो.

खेकड्याचं खरं सांगू का? तुझ्यासमोर कबूल केलं नाही, पण त्या माणसाची बाजू मला थोडी कळते. मी नोकरीला लागलो तेव्हा ते खेकडे म्हातारे झाले होते. यार्डात उभा असला तरी आतून कण्हायचा. चालायला लागला की बाजूचे रॉड असे फिरायचे की इंजिन नाही, जनावर चाललंय असं वाटायचं. ज्याने तो आवाज लहानपणी ऐकलाय त्याला तो आपल्या टेबलावर हवाच असणार. तुमचं १९२० त्याच्या काय कामाचं? महिन्यातून एक दुपार "आज साल कुठलंही" अशी ठेवा आणि फिरू दे त्याचा खेकडा. खांब मात्र रोवू देऊ नकोस. खांब एकदा रोवले की कोणी काढत नाही.

हे उपदेशाच्या सुरात लिहिलं गेलं. सोडून दे. तुमच्या क्लबातलं मला काय कळतं.

कळतं तेवढं एक सांगतो. एप्रिलमध्ये तू मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलास, तेव्हा मी दहा मिनिटं गप्प उभा होतो. तुला वाटलं बाबांना आवडलं नाही. तू टेबलावर वाकून रूळ डाखत होतास. बाजारात मिळणारा साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा तयार रूळ तुम्ही घेतला नाहीत, कारण तुमच्या मापात, एकास शहात्तरमध्ये, तो चार फूट दीड इंचाचा होतो आणि आपला रूळ साडेपाच फुटांचा. म्हणून बावीस मिलिमीटर, तोही हाताने. एक स्लीपर, त्यावर तांब्याची पट्टी, फ्लक्सचा थेंब, सोल्डरिंग आयर्नचं टोक, की मग गेज लावून बघायचं. जुळलं नाही तर परत तापवायचं. मी मोजलं, एका स्लीपरला तुला पावणेदोन मिनिटं लागत होती आणि तेवढा वेळ तू श्वास धरून ठेवत होतास. तुझे आजोबा रुळाला हातोडी मारून आवाज ऐकताना असाच श्वास धरायचे. (फ्लक्सचा धूर नाकात जातो. पंखा लावत जा. खिडकीकडे नको, बाजूने.)

आजोबांचं निघालंच आहे म्हणून. साडेपाच फुटांचा रूळ तुमच्या मापात बावीस मिलिमीटर. आजोबा पण साडेपाच फूटच होते. म्हणजे लेआउटवर गँगमन उभा करशील तर तो बरोबर दोन रुळांमधल्या अंतराएवढा उंच होईल. मला हे त्या दिवशी घरी येताना बदलापूरजवळ सुचलं आणि मी गाडीत एकटाच हसलो. शेजारचा बाजूला सरकून बसला.

तुमच्या लेआउटवर माणसं फार कमी आहेत. फलाटावर दोन साहेब आणि एक टोपलीवाली बाई. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला तो काही साहेबांच्या चालण्याने झाला नाही. जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजार माणसं या कामावर होती, हे तूच मला वाचून दाखवलंस. पटकीने किती गेली त्याचा पत्ता नाही. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला, मग त्याच्या बायकोने, ॲलिसबाईने, ते कंत्राट पुरं करून घेतलं, तेही तूच सांगितलंस. पुढे १८६७ मध्ये एक अख्खा दगडी पूल कोसळला, तो परत बांधला. मग आता एक गँगमन ठेव. घोंगडीची खोळ, हातात कंदील, पावसाळ्यातला. रात्री रुळावर दरड आलीय का ते बघत चालणारा. आजोबांनी आयुष्यभर तेच केलं आणि घरी येऊन कधी सांगितलं नाही की आज काय दिसलं. आईला त्यांच्या पायांवरून कळायचं.

मला वाटतं त्या घरात कोणीच कधी सांगितलं नाही. तूही कोपर लपवलंस.

बरं, बँकरचं, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचं. जूनमध्ये तू फोन केलास, की चढावर सहा डब्यांची गाडी चढत नाही, इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, खरं सांगतो! अरे, सदतीसाला एक चढ. प्लायवर सदतीस सेंटिमीटर पुढे जाताना एक सेंटिमीटर वर. खेळण्यातलं असलं म्हणून काय, चढ तो चढ. मागे इंजिन लाव म्हटलं. लावलंस, तर मागचं जास्त ढकलायला लागलं आणि वळणावर मधला डबा रुळावरून उतरला. तू म्हणालास दोन्ही इंजिनांतल्या डिकोडरचा, म्हणजे वेग ठरवणाऱ्या त्या चिपचा, वेग जुळवावा लागेल. जुळव. पण अगदी सारखा करू नकोस. मागच्याने हात राखून ढकलायचं असतं. मी इतकी वर्षं डब्ल्यूसीजी-टू इंजिनावर मागे बसलो. पुढचा ड्रायव्हर दिसत नाही, सिग्नल दिसत नाही, बोगद्यात तर स्वतःचा हात दिसत नाही. नुसतं बफरच्या दाबावरून कळायचं की पुढचा ओढतोय की दमलाय. गाडी त्याची असते, आपण फक्त पाठीशी असतो. जास्त जोर केला की मधला डबा जातो.

हे वाक्य मी मुलांच्या बाबतीत कधी पाळलं नाही असं तुझी आई आतून ओरडून सांगतेय. मोठ्याने वाचत लिहिण्याची माझी सवय.

चढणं एक वेळ सोपं असतं मंदार. चढताना फार तर थांबशील. उतरणीचं भय वेगळं. पुण्याकडून खाली येताना मंकी हिलला थांबायचं, ठाकूरवाडीला थांबायचं, रिकामी लाइन समोर असली तरी थांबायचंच. प्रवासी वैतागायचे, खिडकीतून विचारायचे, काय झालं? काही झालेलं नसायचं. गाडी आपल्या हातात आहे की नाही एवढंच बघायचं असायचं. ब्रेक ब्लॉकचा तो जळका वास अजून माझ्या जुन्या स्वेटरला आहे असं मला वाटतं, आई म्हणते काही नाही, तो नॅप्थॅलीनचा आहे.

आणि कॅच सायडिंग, ताबा सुटलेली गाडी अडवणारा तो बाजूचा रूळ. तू म्हणालास जागा पुरत नाही म्हणून ती काढायचं चाललंय. काढू देऊ नका. मला मान्य आहे, सगळंच कापावं लागतं. पावणेसोळा मैलांचा घाट तुमच्या मापात तीनशे तेहतीस मीटर होतो आणि १८३१ फुटांची चढण सव्वासात मीटर, म्हणजे त्याला दोन मजल्यांहून उंच हॉल लागेल. पंचवीस बोगद्यांतले तुम्ही दोन ठेवलेत, आठ पुलांपैकी एक. ठीक. फलाट आखूड करा, झाडं कमी करा, साहेबाचा बंगला काढा. पण कॅच सायडिंग काढली तर ती नुसती डोंगरातली रेल्वे होईल, आपला घाट होणार नाही. ती नेमकी कुठे बसवायची ते जुन्या नकाशावरून तुम्ही ठरवा. पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, कायम तिकडेच लावलेला असतो, डोंगरात चढत जाणाऱ्या त्या आंधळ्या रुळाकडे. गाडी येऊन थांबली, ताब्यात आहे अशी खात्री झाली, की मगच मुख्य लाइनीला लावायचा. उलटं नाही. म्हणजे ज्यांनी हे बांधलं त्यांनी धरूनच चाललं होतं की एखादा ड्रायव्हर थांबू शकणार नाही. वाईट ड्रायव्हर म्हणून नव्हे. ओला रूळ असतो, रात्र असते, कुणाचं घरी काही बिनसलेलं असतं.

खोपोलीच्या रस्त्याला कॅच सायडिंग नाही रे.

झालं. लिहिलं. आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहितो. तू रेल्वेवाल्याचा मुलगा, रेल्वेवाल्याचा नातू, रेल्वेचं मॉडेल करायला जातोस आणि जातोस बाईकवरून. पाठीवर प्लायचे बोर्ड बांधून. त्याला वारा लागतो, हे तुला कळत नाही? इतकी अचूकता त्या टेबलावर आहे, बावीसचं साडेबावीस झालं तर झोप लागत नाही, आणि मागच्या ब्रेकचं लायनर किती उरलंय ते विचारलं तर म्हणतोस "असेल". घाटात "असेल" हा शब्द मी एकदाही वापरला नाही. शिंगरोबापुढे नाणं टाकून पुढे जातोस ते ठीक, पण त्या धनगराने वाट दाखवली म्हणतात, ब्रेक लावायचं काम त्याच्याकडे नाही.

रागावलो. पाच मिनिटं उठून अंगणात जाऊन आलो. मागचा परिच्छेद खोडणार होतो, आई म्हणाली राहू दे.

तुझ्यावर राग नाही. तू सात वर्षांचा असताना तुला ठाकूरवाडीच्या केबिनवर नेलं होतं, आठवतं? आठवत नसेल. दिवसभर तू काडेपेटीच्या रिकाम्या पेट्या जोडून गाडी करत होतास आणि शेवटची पेटी उलटी लावायचास. विचारलं तर म्हणालास, "बाबा मागे बसतात, त्यांचं तोंड मागे." ते चुकीचं होतं, मी पुढेच तोंड करून बसायचो, मी तुला तसं सांगितलंही. आता वाटतं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. ही अचूकतेची खोड माझीच आहे, तिच्यापायी मी बाबूकाकाशी चार वर्षं बोललो नव्हतो. कशावरून, ते आता सांगायलाही लाज वाटते. तुझा तो क्लबवाला बाबूकाका होऊ नये.

आजच्या आज त्याला फोन कर असं म्हणत नाही. मंगळवारी कर.

चहाचा चोथा आईने वाळवून ठेवलाय, तीन डबे झालेत. एकात बारीक, रुळाच्या कडेच्या मातीला चालेल असा. दुसऱ्यात जाडा. तिसऱ्यात तिने चुकून आल्याचा चोथा घातलाय, तो घाटातल्या वाळक्या गवतासारखा दिसतो, बघ. दगडाचा रंग तू राखाडी दिला आहेस. आपला कातळ पावसात काळा होतो, अगदी काळा, आणि पाणी झिरपतं तिथे शेवाळाची उभी रेघ असते. तुमचा सीझन पावसाळा असेल तर तसा कर.

डबे न्यायला ये. शनिवारी, रेल्वेने, उजेडात. कर्जतला उतर, मी स्टेशनवर येतो. बाईक पुण्यातच राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. आजोबांचा एकच फोटो आहे ज्यात ते कंदील घेऊन उभे आहेत, पांढऱ्या पाकिटात ठेवलाय. गँगमन करशील तर खांदा डावीकडे उतरता कर. त्यांचा उतरताच होता, आणि चालायला लागले की कंदील त्या बाजूला असायचा.

आणि कोपराला हळद लावू नकोस, ड्रेसिंग कर. टिटॅनसचं इंजेक्शन घेतलंस का ते चिमीला कळव, मला नाही सांगितलंस तरी चालेल.