समुद्र अडवण्याच्या योजना : किती सेंटिमीटरसाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राची वाढती पातळी अभियांत्रिकीच्या बळावर रोखता येईल का, या विषयावर आपल्या दैनिकात आलेले लेख आणि त्यांवरील वाचकांच्या प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचल्या. स्थापत्य अभियांत्रिकीत आयुष्य गेल्यामुळे ‘रोखता येईल’ म्हणणाऱ्यांकडे माझा ओढा असणे स्वाभाविक आहे. तरीही या चर्चेत दोन अगदी वेगळी कामे एकत्र मिसळली गेली आहेत, असे मला वाटते. समुद्रातील पाणीच कमी करणे हे एक काम, आणि आहे ते पाणी वस्तीपासून दूर ठेवणे हे दुसरे.

पहिल्या कामाचा हिशेब साध्या गुणाकाराने होतो. महासागरांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर असल्यामुळे पातळी एका मिलिमीटरने खाली आणायची, तर सुमारे ३६१ घन किलोमीटर पाणी उचलून जमिनीवर कायमचे साठवावे लागेल. २००६ ते २०१८ या काळात पातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने चढत होती, म्हणजे दर वर्षी १,३०० घन किलोमीटरहून अधिक. इजिप्तच्या वाळवंटातील कत्तारा खळग्यात भूमध्य समुद्राचे पाणी सोडावे, ही सूचना वारंवार केली जाते. हा खळगा समुद्रपातळीच्या खाली १३३ मीटरपर्यंत खोल असला, तरी काठोकाठ भरल्यावर त्यात सुमारे १,२०० घन किलोमीटर पाणी मावेल. एका वर्षाची वाढसुद्धा त्यात पुरती सामावणार नाही आणि पुढच्या वर्षी दुसरा खळगा शोधावा लागेल. समुद्राचे पाणी अंटार्क्टिकावर चढवून गोठवण्याच्या कल्पनेचा जर्मन शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की ते पाणी किनाऱ्यापासून निदान ७०० किलोमीटर आत नेले नाही, तर बर्फ लवकरच पुन्हा समुद्राकडे सरकू लागतो आणि या उपशाला जगाच्या एकूण ऊर्जापुरवठ्याच्या सात टक्क्यांहून अधिक ऊर्जा लागते. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीसमोर समुद्रतळाला पडदे बांधून खालून येणारे कोमट पाणी अडवावे, हा प्रस्ताव यांहून निराळा आहे, कारण त्यात पाणी उचलायचे नसून वितळणे मंदावायचे आहे. त्याचा अभ्यास व्हावा. पण आज किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला त्यावर विसंबता येणार नाही.

राहिले दुसरे काम, आणि त्याबद्दलच मला अधिक सांगायचे आहे. ज्या भव्य दरवाजांची छायाचित्रे अशा लेखांसोबत छापली जातात, ते मुळात वादळासाठी बांधलेले आहेत. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने बांध फुटून नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यातून तेथील डेल्टा प्रकल्प, म्हणजे बांध आणि पूरदरवाजांची साखळी, उभा राहिला. रॉटरडॅमच्या जलमार्गावर १९९७ पासून कार्यरत असलेला दरवाजा, प्रत्येकी २१० मीटर लांबीच्या दोन पात्यांचा, पाणी नेहमीच्या संदर्भपातळीपेक्षा तीन मीटर वर चढण्याचा अंदाज असेल तरच बंद होतो. असा प्रसंग क्वचित येईल, हे गृहीत धरूनच त्याची रचना झाली आहे; एरवी बोटींची ये-जा, मासे, गाळ आणि भरती-ओहोटी यांना वाट मोकळी असते.

समुद्राची सरासरी पातळी हळूहळू चढू लागली की हेच गृहीतक ढासळते. व्हेनिसचे उदाहरण घ्यावे. तेथे २००३ मध्ये काम सुरू होऊन ७८ झडपांचा अडसर ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथम भरतीविरुद्ध वापरला गेला; या झडपा एरवी तळाशी आडव्या पडून असतात आणि वर उचलल्या की समुद्राची वाट बंद होते. खर्च पाच अब्ज युरोंच्या पुढे गेला आणि मध्यंतरी भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अटकाही झाल्या. (त्याच वर्षी ८ डिसेंबरला भरतीचा अंदाज कमी आल्याने झडपा उचलल्या गेल्या नाहीत आणि शहर पुन्हा पाण्यात गेले, यंत्रणेइतकाच तिच्यामागचा हवामान अंदाजही पक्का असावा लागतो.) पाणी जुन्या संदर्भपातळीपेक्षा ११० सेंटिमीटर वर जाणार असेल, तर झडपा उचलायच्या, असा तेथील नियम आहे. आता सरासरी पातळी आणखी ३० सेंटिमीटरने वाढली असे धरू. मग आज ८० सेंटिमीटरवरून परत फिरणारी भरती ११० ला टेकेल, आणि ८० सेंटिमीटरची भरती ही काही वादळाची भरती नव्हे. म्हणजे वर्षातून मोजक्या दिवसांसाठी बांधलेला अडसर वारंवार उचलावा लागेल. बंदरातील बोटी खोळंबतील, शहराभोवतीच्या खाजणातले पाणी बदलायचे थांबेल, आणि वादळी पाण्याबरोबर येऊन दलदलीच्या जमिनीवर साठणारा गाळही बाहेरच राहील. दरवाजा मोडण्यापूर्वीच तो निरुपयोगी ठरण्याची वेळ येऊ शकते.

शिवाय दरवाज्याच्या आतल्या बाजूला बहुधा एखादी नदी असते. लंडनचा टेम्स अडसर २०१३-१४ च्या हंगामात ५० वेळा बंद करावा लागला, आणि त्यांतील बहुतेक वेळा कारण नदीचा पूर हे होते, कारण भरती बाहेर अडवली की नदीच्या पाण्याला आत जागा मिळते. दरवाजे जितके अधिक काळ बंद, तितका पुराचे पाणी उपसून बाहेर टाकण्याचा भार वाढत जाणार. मात्र तेथील २०१२ च्या दीर्घकालीन आराखड्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ठरावीक वर्षी ठरावीक भिंत बांधण्याऐवजी पातळी, बंद करण्याची वारंवारता, बांधांची स्थिती अशा निर्देशकांवर नजर ठेवायची, आणि ते कोठे पोहोचले म्हणजे कोणता पुढचा निर्णय घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवायचे, अशी त्याची मांडणी आहे.

गाळाचा प्रश्न मात्र बहुतेक आराखड्यांत तळटिपेत ढकलला जातो, आणि नदीमुखाच्या प्रदेशात तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बांगलादेशच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून मातीचे बांध घालून बेटे सुरक्षित करण्यात आली. खारे पाणी थांबले, भातशेती वाढली. पण भरतीबरोबर येणारा गाळही थांबला आणि आतली माती दबत गेली. परिणामी काही ठिकाणी बांधाआडची जमीन शेजारच्या, बांध नसलेल्या सुंदरबनाच्या तुलनेत एक ते दीड मीटर खाली राहिली. २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटले तेव्हा पाणी परत जायला वाव नव्हता आणि लोकांना दीर्घकाळ हाल सोसावे लागले. याच काळात फुटलेल्या बांधांतून रोज आत येणाऱ्या भरतीने दोनेक वर्षांत कित्येक सेंटिमीटर जाडीचा गाळ आणून टाकला. तेथील शेतकऱ्यांनी त्याआधीच, १९९० च्या दशकात, पाणी तुंबलेल्या खोलगट भागांचे बांध स्वतः कापून भरती आत घेतली होती आणि जमीन उंचावून घेतली होती. ती रीत पुढे सरकारी योजनांत आली. यात त्या जमिनीवर काही वर्षे पीक घेता येत नाही आणि भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर सगळा भार गरीब कुळांवर पडतो, हे खरे आहे. तरीही समुद्राबरोबर वर चढणारी जमीन मिळवून देणारा असा दुसरा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

जमीन खचण्याकडेही असेच दुर्लक्ष होते. टोकियोच्या सखल भागात विसाव्या शतकात काही ठिकाणची जमीन चार मीटरहून अधिक खचली, आणि भूजलाच्या उपशावर कडक निर्बंध आल्यानंतर ते खचणे जवळजवळ थांबले. जकार्तामध्ये मात्र उपसा चालू राहिला आणि समुद्रभिंतीही वरचेवर उंच कराव्या लागल्या.

म्हणून माझी विनंती अशी की, असा कोणताही प्रकल्प जाहीर होईल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी खर्चाच्या आणि उंचीच्या आकड्यांबरोबर आणखी काही आकडे मागावेत : हा प्रकल्प सरासरी पातळीच्या किती सेंटिमीटर वाढीपर्यंत चालेल, त्या टप्प्यावर दरवाजे वर्षातून किती वेळा बंद करावे लागतील, आतल्या पाण्याच्या उपशाला किती वीज लागेल, आणि ती मर्यादा ओलांडल्यावर पुढे काय करायचे हे कोणत्या कागदावर लिहिलेले आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या अहवालानुसार २१०० पर्यंतच्या वाढीचे संभाव्य अंदाज उत्सर्जनानुसार २८ सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत आहेत. या पट्ट्यातील कोणता आकडा धरून काँक्रीट ओतले जात आहे, हे कर भरणाऱ्यांना निविदा निघण्यापूर्वी कळले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता