टंचाईची खबर ऑक्टोबरातच येते

लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

गावाच्या सरपंचपदाची जबाबदारी तू स्वीकारलीस, हे कळल्यापासून तुला पाण्याविषयी सविस्तर लिहायचे होते; परतीचा पाऊस ओसरू लागला आहे आणि या विषयात काही करण्याची वेळ हीच असते, म्हणून आज लिहितो आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले आणि देशभर तिची चर्चा झाली. परंतु २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे तुटीचे गेले होते, लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचा साठा सतत घटत होता, आणि हे सारे सरकारी कागदांवर नोंदले जात होते. ते संकट अचानक कोसळले नव्हते, याचेच मला आजही अधिक वाईट वाटते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. यातली ऑक्टोबरची नोंद तुझ्यासाठी सर्वांत मोलाची आहे. तेव्हाची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात: ती तीन मीटरहून अधिक खाली असेल तर टंचाई ऑक्टोबरपासूनच, दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून, आणि एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून भासेल, असा अंदाज बांधला जातो. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी मावतेच थोडे, त्यामुळे पावसाळा संपताना विहिरीत जे दिसते त्यावरून उन्हाळ्याचे गणित बऱ्यापैकी मांडता येते. इतकी साधी आणि इतकी आधी मिळणारी सूचना दुसरी नाही.

दुष्काळ जाहीर होण्याची प्रक्रिया वेगळी आहे. पूर्वी सारी भिस्त पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या उत्पन्नाच्या तुलनेत पीक किती आले याच्या सरकारी अंदाजावर, असे आणि अंतिम पैसेवारी येईपर्यंत खरीप हातचे गेलेले असे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाची तूट व खंड, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि भूजल यांना महत्त्व दिले, ही चांगली सुधारणा झाली. तरीही या घोषणेने मुख्यतः सवलती व मदत मिळते. विहिरीतले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे, हा निर्णय गावालाच घ्यावा लागतो, आणि तो रब्बीच्या पेरणीपूर्वी घेतला नाही तर त्याचा काही उपयोग राहत नाही. एकदा उसाची लागण झाली, की मार्चमध्ये त्या शेतकऱ्याला उपसा थांबवायला सांगणे कोणालाही जमत नाही. त्याचा पैसा आणि कष्ट त्या फडात अडकलेले असतात, म्हणून त्याला दोष देणेही मला न्याय्य वाटत नाही. तोच शेतकरी ऑक्टोबरात हरभरा, करडई किंवा ज्वारीला तयार होऊ शकतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हेच करून दाखवले. पावसाळ्यानंतर तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घेण्यास गावाने स्वतःच बंदी घातली आहे. आपल्या भागात बोअरवर कर्ज काढून बुडालेली घरे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत, त्यामुळे हा मुद्दा लोकांना पटवणे तुला अवघड जाऊ नये.

टंचाई आराखड्यात विहीर अधिग्रहण, गाळ काढणे, तात्पुरती नळयोजना आणि टँकर असे उपाय असतात. तुमच्या गावासाठी गाळ काढण्याचा प्रस्ताव आताच पाठव, कारण टँकरची मागणी करण्याची पाळी येते तेव्हा त्या कामाला उशीर झालेला असतो. सर्व वाड्या-वस्त्यांवरील निवडक विहिरींची पातळी वजन बांधलेल्या दोरीने मोजून वहीत तारखेसह लिहून घे आणि ते आकडे घेऊन दिवाळीपूर्वी ग्रामसभा बोलाव. आकडे मला पाठवलेस तर ताळेबंद मांडायला मी सभेच्या आदल्या दिवशी गावी येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र,
विनायक