कोड स्कॅन केला, घर काही दिसले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात घरांच्या जाहिरातींचे पान असते. गेल्या रविवारी त्या पानावर सात क्यूआर कोड होते. सवड होती म्हणून सातही स्कॅन केले. माझी सगळी नोकरी छपाईत गेली, त्यामुळे छापलेली गोष्ट चालते की नाही हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दोन कोड उघडलेच नाहीत. त्यातला एक नेमका पानाच्या घडीवर आला होता. दुसऱ्यात फिकट बदामी जागेवर सोनेरी ठिपके होते. दिसायला लग्नपत्रिकेसारखा सुरेख, पण कॅमेऱ्याला काही उमगेना. कोडाभोवती किमान चार ठिपक्यांइतकी कोरी पट्टी सोडायची असते, तीही त्या चौकटीने खाऊन टाकली होती. या कोडात चुका भरून काढण्याची सोय असते. ती सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली, तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. त्याच भरवशावर डिझाइनवाले मधोमध कंपनीचे बोधचिन्ह बसवतात, आणि ते चालूनही जाते. मात्र तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना हात लावायचा नसतो, कारण कॅमेरा कोड ओळखतो तो त्यांच्यावरूनच.

तिसरा कोड उघडला आणि ‘पान सापडले नाही’ असे उत्तर आले. हल्ली बहुतेक कोडांत खरा पत्ता नसतोच. मधल्या एखाद्या सेवेचा छोटा दुवा असतो आणि तो पुढे पाठवतो. सोय मोठी आहे. छापून झाल्यावरही पुढचे पान बदलता येते, किती जणांनी कधी स्कॅन केले तेही कळते. कोणती जाहिरात लागू पडली हे जाहिरातदाराला कळावे, यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या सेवेचे पैसे भरायचे राहिले की छापलेला कोड मुका होतो.

पुढचे तीन उघडले, पण घराचे चित्रसुद्धा दिसण्याआधी फॉर्म पुढे आला. नाव, मोबाइल क्रमांक, बजेट, ‘भेटायला कधी येता?’ एकात भरले. लगेच ओटीपी आला, तोही टाकला. मग काय उघडले, तर जाहिरातीत होते तेच चित्र, जरा मोठे करून. चटई क्षेत्राचा पत्ता नाही, खोल्यांची मापे नाहीत, ताबा कधी मिळणार तेही नाही. पाच मिनिटांत पहिला फोन आला. शनिवारपर्यंत तेरा झाले. त्यातले चार तर भलत्याच प्रकल्पांचे होते, म्हणजे माझा क्रमांक एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता. नात विचारू लागली, “आजोबा, तुम्ही आम्हाला न सांगता घर घेताय का?”

हा कोड निघाला तो नेमक्या उलट कामासाठी. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरे मावत, म्हणून एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड कामगारांना वाचत बसावे लागे. नव्या चौकोनात सात हजारांवर अंक मावू लागले. जो स्कॅन करेल त्याला माहिती एका दमात मिळावी, एवढाच हेतू. घरांच्या जाहिरातीत माहिती द्यायची ती स्कॅन करणाऱ्यानेच!

सातवा कोड मात्र बघत राहावा असा निघाला. काहीही न विचारता मजल्याचा नकाशा उघडला. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडक्या कुठल्या दिशेला, देखभालीचा महिन्याचा खर्च, मंजुरीची कागदपत्रे, आणि ही माहिती कोणत्या तारखेची तेही. खाली फोन क्रमांक होता. घर घ्यायचे नसतानाही मी त्या माणसाला फोन लावला, निव्वळ शाबासकी द्यायला.

रस्त्याकडेच्या होर्डिंगवरचे कोड तर मला कळतच नाहीत. ढोबळ हिशेब असा, की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे त्याच्या एक दशांश तरी कोड मोठा हवा. तीस मीटरवरून वाचायचा तर तीन मीटरचा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. तेवढ्यात फोन काढायचा कुणी? चालकाने काढू नये हेच बरे.

फलकांवरच्या कोडाला आणखी एक धोका आहे. त्यावर दुसरा कोड चिकटवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. असे बदललेले कोड वापरून लोकांचे पैसे लुबाडले जातात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जानेवारी २०२२ मध्येच दिला होता. घराच्या व्यवहारात तर आगाऊ रक्कम मागितली जाते. दुवा कुठे नेतो हे कोडाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याखाली संकेतस्थळाचे नाव साध्या अक्षरांत छापलेले असावे. स्कॅन केल्यावर फोनवर दिसणारे नाव त्याच्याशी ताडून बघता येईल.

आपल्या जाहिरात विभागाला दोनच विनंत्या आहेत. प्रूफ आले की कोड एकदा फोनवर उघडून पाहावा, तोही छापील कागदावरून, पडद्यावरून नव्हे. आणि फॉर्म भरल्याशिवाय काहीच दाखवत नसेल, तर कोडाखाली ‘मोबाइल क्रमांक मागितला जाईल’ एवढी ओळ टाकायला लावावी. सहा पॉइंटातली असली तरी चालेल, चष्मा लावून वाचू.

आपला,
एक निवृत्त मुद्रक