लांब पल्ल्याच्या खेळांची बातमी शेवटाला असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीनं 600 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, पूर्ण केली. शनिवारी पहाटे 5 वाजता इंदूरहून सायकलवर निघायचं, मानपूरचा घाट उतरून, खलघाटला नर्मदा ओलांडून धुळ्याच्याही पुढे जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. वेळ 40 तासांची. म्हणजे रविवारी रात्री 9 वाजता दार बंद. ती 7 वाजून 20 मिनिटांनी पोहोचली. एकूण 38 तास 20 मिनिटं, त्यात झोप एका ढाब्याच्या बाजेवर जेमतेम दीड तास.

सोमवारी इथल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. फोटो शनिवार पहाटेचा, झेंडा दाखवणाऱ्या पाहुण्यांचा. पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट होती. किती जण निघाले तेही होतं. किती पोहोचले, कोण पोहोचलं, किती वेळात, यातलं एक अक्षर नव्हतं. भाची काही बोलली नाही. मला मात्र ते फार लागलं, म्हणून हे पत्र.

दोष एकट्या त्या वर्तमानपत्राचा नाही. क्रिकेटचा सामना संध्याकाळी संपतो, शंभर मीटरची शर्यत डोळ्यांसमोर संपते. लांब पल्ल्याच्या खेळात सुरुवातीला गर्दी आणि कॅमेरे असतात, शेवटाला कुणी नसतं. आणि नेमकी बातमी असते ती शेवटाला. निमाडातून माळव्यात चढणारा तो घाट परतीच्या वाटेवर, पाचशे किलोमीटर पायांत असताना येतो. जे गळतात ते बहुधा तिथे किंवा त्याच्या आधीच्या रात्री.

आमच्या वडिलांच्या तालमीत कुणी हजार जोर काढायचे ठरवले की एक जण समोर मोजायला बसायचा. तो उठला तर आकडा धरला जात नसे. या खेळांतही तसंच आहे. ब्रेव्हेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. रात्री शिक्का मारायला कुणी नसेल तर एटीएमची पावतीही पुरावा म्हणून चालते. इंग्लिश खाडी पोहणाऱ्याच्या सोबतच्या नावेत निरीक्षक बसलेला असतो. पोहणाऱ्यानं नावेला हात लावला की प्रयत्न बाद. खाणं काठीला किंवा दोरीला बांधून द्यायचं. सरळ रेषेत अंतर सुमारे 33 किलोमीटर, पण भरती-ओहोटी माणसाला बाजूला ओढत नेते आणि प्रत्यक्ष पोहणं त्याहून खूप जास्त होतं. हे नियम माहीत नसतील तर वाचकाला त्या पराक्रमाचं माप कसं कळावं?

आपल्याच मध्य प्रदेशातले सतेंद्र सिंह लोहिया पाहा. दोन्ही पायांनी दिव्यांग. 2018 मध्ये दिव्यांग जलतरणपटूंच्या रिले संघातून त्यांनी इंग्लिश खाडी पार केली, 2019 मध्ये कॅलिफोर्नियाजवळची कॅटालिना खाडी. 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. इंदूरमध्ये त्यांनी नोकरी केली, तरी माझ्या सोसायटीतल्या मुलांना त्यांचं नाव पुरस्काराच्या बातमीतूनच कळलं. खाडीतल्या पाण्याचं तापमान, रिलेत प्रत्येकाची पाळी किती वेळाची, यातलं काहीही त्यांच्या वाचनात आलेलं नव्हतं. महाराष्ट्रातलीही गोष्ट वेगळी नाही. अमेरिका आडवी पार करणारी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत, एकट्यानं करायची तर 12 दिवसांत. 2015 मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी ती दोघांच्या संघानं पूर्ण केली आणि 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्यानं. किती घरांत ही नावं माहीत आहेत?

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. अंतर खूप वाढलं की या खेळांत बाया पुरुषांच्याही पुढे जाऊन जिंकल्या आहेत. जानेवारी 2019 मध्ये ब्रिटनमध्ये ऐन हिवाळ्यात 268 मैलांची स्पाइन रेस ही धावण्याची शर्यत जास्मिन पॅरिस यांनी 83 तास 12 मिनिटांत जिंकली, सगळ्या स्पर्धकांत पहिल्या. घरी अंगावर पिणारं लेकरू होतं. वाटेतल्या थांब्यांवर त्या दूध काढत होत्या. त्याच वर्षी फियोना कोल्बिंगर या 24 वर्षांच्या जर्मन मुलीनं ट्रान्सकॉन्टिनेंटल ही सायकल शर्यत जिंकली: बल्गेरियातल्या काळ्या समुद्राच्या काठापासून फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंत, सुमारे 4,000 किलोमीटर, सोबत मदतीची गाडी नाही, 10 दिवस 2 तास 48 मिनिटं. दोनशेहून जास्त पुरुष मागे होते. ‘बाईच्या जातीला एवढं झेपतं का’ हे भाचीला निघायच्या आदल्या दिवशी आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकवलं होतं. ही दोन नावं त्यांनी खेळाच्या पानावर वाचलेली असती तर ते तसं बोलले नसते, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दैनिकाला विनंती अशी. या बातम्या ‘जरा हटके’च्या चौकटीत किंवा शहराच्या पानावर विचित्र छंद म्हणून देऊ नका. खेळाच्या पानावर द्या, तीन ओळी का होईना, पण अंतर, वेळ, नियम आणि पूर्ण करणाऱ्यांच्या नावांसह. जे पोहोचले नाहीत ते कुठवर गेले तेही छापा. 500 किलोमीटरवर थांबलेल्याची 500 किलोमीटरं वाया गेलेली नसतात. आणि बातमीदार एकदाच पाठवता येणार असेल, तर पहाटे पाठवू नका.

पुढच्या 600च्या ब्रेव्हेची तारीख ठरली की मी आपल्याला कळवीन. रविवारी संध्याकाळी 6 पासून रात्री 9 पर्यंत मी शेवटच्या थांब्यावर चहाचा थर्मास घेऊन बसलेली असेन. आपल्या बातमीदाराला शेजारी खुर्ची ठेवते.

आपली,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर