खरडलेल्या जमिनीच्या मदतीची यादी चावडीवर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 च्या महापुरात सीना नदीकाठच्या अनेक गावांत उभी पिके तर गेलीच, पण काळी माती वाहून जाऊन खालचा मुरूमही उघडा पडला. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने जाहीर केलेल्या 31,628 कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये अशा खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी 3 लाख रुपये देण्याची घोषणा झाली. ही मदत गरजेचीच होती. ती कोणाला आणि कशाच्या आधारे मिळाली, हे गावाला कळणेही तितकेच गरजेचे आहे.

आपत्ती निधीच्या निकषांत शेतात गाळ साचल्यास हेक्टरी 18 हजार आणि जमीनच वाहून गेल्यास 47 हजार, असा मोठा फरक आहे. नदीकाठी मात्र बांधाच्या अलीकडची माती गेलेली आणि पलीकडे गाळ बसलेला, कित्येकदा एकाच गटात दोन्ही प्रकार, अशी स्थिती असते. अशा वेळी पंचनाम्यात कोणता प्रकार नोंदवला आणि किती गुंठे धरले, यावर सगळी रक्कम ठरते. शेतकऱ्याच्या हाती मात्र खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज तेवढा येतो. त्यावरून आपले नुकसान कोणत्या प्रकारात धरले हे कळत नाही, मग हरकत तरी कशावर घ्यायची? शेजाऱ्याला जास्त का मिळाले, याची कुजबुज पारावर सुरू होते आणि चिखल तुडवत प्रामाणिकपणे पंचनामे केलेला तलाठीही संशयाच्या फेऱ्यात सापडतो.

जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात झालेला गैरव्यवहार राज्याने पाहिला आहे. बोगस लाभार्थ्यांची नावे गावात आधीच वाचून दाखवली असती, तर ती तिथल्या तिथे पकडली गेली असती, कारण कोणत्या गटात कोण कसतो हे गावाला पाठ असते.

माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील शासनाने स्वतःहून जाहीर करायचा आहे, त्यासाठी कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी याच कायद्याच्या कलम 8 मध्ये अलीकडे बदल झाला असला, तरी कलम 4 मधील ही तरतूद कायम आहे. आधार, बँक खाते वा मोबाइल क्रमांक यादीत नकोतच. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, नुकसानीचा प्रकार, क्षेत्र आणि रक्कम एवढे पुरे.

जिल्हाधिकाऱ्यांनी ही यादी पैसे वाटण्यापूर्वी चावडीवर लावावी, ग्रामसभेत वाचून घ्यावी आणि हरकतींसाठी किमान आठवडा द्यावा. मनरेगातून माती भरण्याचे काम प्रत्यक्ष कोणत्या गटात आणि किती झाले, याचा हिशेबही त्याच फलकावर असावा.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी,
ता. माढा, जि. सोलापूर